आठ आणि दहाच्या मधलं टेबल

रविवारी सकाळी नऊ वाजता श्यामलामावशीला फोन केला तर ती उचलत नाही. त्या वेळी ती टेबल ओढत असते.

टेबल ओकचं आहे. सहा फूट लांब, पाय हत्तीच्या पिल्लासारखे, वय चारशे वर्षं. ईलिंगमधल्या सेंट ऑसिथच्या चर्चचं ते टेबल, आणि मावशी त्या चर्चची केअरटेकर. गेली एकोणीस वर्षं. किल्ल्या तिच्याकडे, बॉयलर तिच्याकडे, हॉलच्या बुकिंगची वही तिच्याकडे. चर्चला ती 'ऑसिथबाई' म्हणते. "ऑसिथबाईंना परत गळती लागलीय गं," असं ती माझ्या आईला फोनवर सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं की शेजारच्या कुणा म्हातारीचं बोलणं चाललंय.

मावशी हिंदू आहे. देवघरात तिच्या नवऱ्याच्या आईचा बाळकृष्ण आहे, चतुर्थी ती चुकवत नाही. आणि दर रविवारी ख्रिश्चनांचं टेबल ती दोनदा हलवते: एकदा बाहेर, एकदा आत.

त्याचं असं आहे. सकाळी आठला एक प्रार्थना असते, जुन्या पुस्तकातली, जुन्या इंग्रजीतली. तिला बावीस-पंचवीस माणसं येतात, सगळी सत्तरीच्या वरची. त्यांना टेबल पूर्वेच्या भिंतीला चिकटून, लाकडी कठड्याच्या आत हवं. ते त्याला टेबल म्हणत नाहीत, ऑल्टर म्हणजे वेदी म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात. दहाला दुसरी प्रार्थना असते. गिटार, लहान मुलं, बिस्किटं. त्यांना टेबल पायरीखाली, माणसांच्या मधोमध हवं. देव काय भिंतीला पाठ लावून बसलाय का, असं त्यांचं म्हणणं. आठची संपते पावणेनऊला. मग मावशी टेबलाच्या पायांखाली कोल्हापूरहून आणलेली जुनी सतरंजी सरकवते, कठड्याचं दार काढते, पायरीवर फळी टाकते आणि ओढते. दहाचे लोक बिस्किटं खाऊन गेले की उलटं. पूर्वी बर्नर्ड नावाचे एक आजोबा दुसरं टोक धरायचे. ते गेल्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या जागी कोण, हा विषय तीन मीटिंगमध्ये निघाला आणि तिन्ही वेळा पुढच्या मीटिंगवर गेला.

मावशीचं सगळं आयुष्यच हलवाहलवीत गेलंय. नागपूरला ती शाळेत भूगोल शिकवायची. एकोणनव्वद साली लग्न करून अतुलकाकांबरोबर इथे आली आणि भूगोल तिलाच शिकून घ्यावा लागला. काका डॉक्टर. तेव्हा इंडियन डॉक्टरांना सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या मिळायच्या, त्याही जिथे गोरा डॉक्टर जायला नाही म्हणेल तिथे. ग्रिम्सबी, मर्थर, रॉदरहॅम, परत ग्रिम्सबी. चौदा वर्षांत अकरा घरं. "पडदे उंचीला बसले की समजायचं, बदली आली," असं मावशी सांगते. काका त्यावर वर्तमानपत्रामागून म्हणतात, "बरं." काकांचं 'बरं' चार प्रकारचं असतं. हे त्यातलं 'माझी चूक आहे पण आता काय करू'वालं.

दोन हजार तीनला ईलिंगला घर घेतलं तेव्हा उंबऱ्यात उभी राहून मावशी म्हणाली, "हे बघा, आता इथून मी फक्त आडवी जाणार."

काका म्हणाले, "बरं."

चर्चची नोकरी मिळाली ती गणपतीमुळे. मराठी मंडळाचा पाच दिवसांचा गणपती ऑसिथबाईंच्या हॉलमध्ये बसतो. एका वर्षी विसर्जनानंतर सगळे आरामात घरी गेले आणि मावशी एकटी खुर्च्या लावत बसली. तेव्हा चर्चचे वॉर्डन हम्फ्री आत आले. वॉर्डन म्हणजे चर्चचा कारभार बघणारा, लोकांनी निवडून दिलेला माणूस. हम्फ्री उंच, किंचित वाकलेले, बोलताना प्रत्येक शब्दाला बसायला खुर्ची देणारे. त्यांनी खुर्च्यांच्या ओळी बघितल्या, गुलालाचा एक कण नसलेली फरशी बघितली आणि म्हणाले, "मिसेस… आय से. तुम्ही नोकरी शोधताय का हो?" तसं ते इंग्रजीत म्हणाले, इथे सगळ्यांचं इंग्रजी मी मराठीत आणतेय, ते ऐकायला मिळालं असतं तर जास्त मजा आली असती.

टेबलाचा इतिहास मावशीला हम्फ्रींनीच सांगितला. तिनं विचारला नव्हता. ती मेणबत्त्यांचं मेण खरवडत होती.

"श्यॅमलाऽ, माय डिअर, हे भांडण आपलं नाही," ते म्हणाले. "हे राजेराण्यांचं भांडण आहे. हेन्री राजानं पोपशी फारकत घेतली आणि स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. तेव्हापासून या देशात टेबल कुठे ठेवायचं हा सरकारचा प्रश्न झाला."

"हं," मावशी म्हणाली.

"मग एलिझाबेथ राणी. तिनं मधला मार्ग काढला. एरवी टेबल भिंतीला ठेवा, प्रार्थनेच्या वेळी बाहेर काढा, झालं की परत भिंतीला. कुणी नाराज नको."

"हं."

"मग चार्ल्स राजाच्या आर्चबिशपनं सांगितलं, टेबल भिंतीलाच राहील, पुढे कठडा बांधा. लोक चिडले. पार्लमेंट चिडलं. गावातले लोक एका रात्री इथे घुसले आणि कठडा फोडून सरपणाला नेला. अर्धा कुणा शेतकऱ्यानं गवताखाली लपवला. राजाचं डोकं उडालं. पुढे त्याचा मुलगा राजा झाला तेव्हा लपवलेला अर्धा कठडा परत आला, उरलेला नवा केला. म्हणून बघ, डावीकडचं लाकूड काळं आहे."

डावीकडचं लाकूड काळं आहे हे मावशीला माहीत होतं. त्याला पॉलिश दुप्पट लागतं. तिनं सुरी खाली ठेवली.

"हम्फ्री, ती राणी म्हणाली बाहेर काढा, परत आत ठेवा. उचलत कोण होतं?"

"आय बेग युअर पार्डन?"

"टेबल. रोज कोण उचलत होतं?"

हम्फ्रींनी खिशातून रुमाल काढला. चाळीस वर्षं ते या विषयावर भाषणं देतायत, कधी कुणी हे विचारलं नव्हतं. "कुणीतरी असेल," ते म्हणाले. "सेक्स्टन, म्हणजे चर्चचा शिपाई वगैरे. नोंद नाही."

"असणारच नाही," मावशी म्हणाली आणि परत मेण खरवडायला लागली.

मागच्या हिवाळ्यात तिची पाठ गेली. कमरेतून कळ निघायची ती थेट टाचेपर्यंत. एमआरआय झाला. काकांनी फिल्म खिडकीसमोर धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. फिजिओथेरपिस्ट मुलगी गोड हसत म्हणाली, "नो लिफ्टिंग, नो पुलिंग, ओके?" जणू काही चॉकलेट खाऊ नका म्हणतेय.

"चर्चमध्ये सांगून टाक," काका म्हणाले.

"काय सांगू?"

"पाठ."

"आणि मग ते काय करतील? क्लीनिंगवाल्या कंपनीचं कोटेशन आलेलंच आहे. आठवड्यातून दोनदा एक मुलगा येईल, हेडफोन लावून फरशी पुसेल. किल्ल्या कुठल्या तरी ऑफिसात लटकतील." तिनं डोळे मिटून घेतले. "अहो, या देशात मला माझी म्हणावी अशी हीच एक जागा मिळाली. तीही सोडू?"

काकांनी 'बरं' म्हटलं नाही.

तिला हवं होतं ते एवढंसं होतं. टेबल एका जागी राहावं. भिंतीला किंवा मध्ये, कुठेही. आणि तेच होत नव्हतं. टेबल कायमचं कुठेतरी ठेवायचं तर डायोसीजच्या, म्हणजे बिशपच्या इलाख्याच्या, कोर्टाची परवानगी लागते. हो, चर्चचं वेगळं कोर्ट आहे, त्याला जज आहे, अजूनही. आणि परवानगीच्या अर्जाला आक्षेप घेता येतो. आठवाल्यांनी अर्ज केला की दहावाले आक्षेप घेणार, दहावाल्यांनी केला की आठवाले. म्हणून कुणीच अर्ज करत नव्हतं. टेबल 'तात्पुरतं' हलत होतं. एकोणीस वर्षं तात्पुरतं.

एप्रिलमध्ये वॉर्डनची निवडणूक आली. एरवी तिला चौदा माणसं येतात आणि हम्फ्री निवडून येतात. या वेळी दहावाल्यांतर्फे गॅरेथ उभा राहिला. गॅरेथ म्हणजे गिटार. दाढी, सँडल, पन्नाशीचा, जगातल्या प्रत्येक नावाचे तुकडे पाडणारा. मावशीला तो 'श्याम्स' म्हणतो. "श्याम्स! यू लेजंड!" असं म्हणत तो टेबलाला वळसा घालून जातो. धरत नाही.

मीटिंगची नोटीस दारावर लावायची हे मावशीचं काम. अठरा वर्षं तिनं ती न वाचता लावली. या वेळी पाठीमुळे हात वर जाईना, म्हणून खुर्चीवर बसून नोटीस मांडीवर घेतली, आणि वाचली. त्यात लिहिलं होतं: या पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या वाट्याच्या वस्तीच्या, हद्दीत राहणाऱ्या आणि कौन्सिलच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्वांना मत देता येईल.

घरी येऊन तिनं विचारलं, "अहो, 'सर्वांना' म्हणजे?"

काकांनी चष्मा चढवला, कायदा शोधला, दोनदा वाचला. "म्हणजे तुला. मला. समोरच्या सरदारजींना. चर्च सरकारी आहे ना. राजा त्याचा प्रमुख, मग वॉर्डन निवडताना धर्म कुणी विचारत नाही. हद्दीत राहता ना? द्या मत."

"एकोणीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही."

"कुणाला माहीतच नसेल."

हे इथेच थांबलं असतं. पण काकांनी ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. निव्वळ माहितीसाठी, खाली हसरा चेहरा. आणि ग्रुपवर उल्हासकाका आहेत.

उल्हासकाका मंडळाचे अध्यक्ष, राहायला स्टॅनमोरला. ते फोनवरसुद्धा माइकसमोर असल्यासारखे बोलतात. "श्यामलाताईऽ! सन्माननीय श्यामलाताई! अहो हा सुवर्णयोग आहे. गॅरेथ निवडून आला तर हॉलचं कॅफे करणार, मी ऐकलंय. आपला बाप्पा कुठे बसणार? हम्फ्रीसाहेब आपले आहेत. आपण संघटित होऊन मतदान करायचं!"

"उल्हासभावजी, मला यात पडायचं नाही."

"तुम्ही पडू नका, आम्ही पडतो!"

त्या आठवड्यात हम्फ्री दोनदा आले. "मी तुला काही सुचवत नाहीये, श्यॅमलाऽ," म्हणाले, आणि अर्धा तास सुचवत बसले. गॅरेथनं केळ्याचा केक आणला. "नो प्रेशर, श्याम्स. फक्त, यू नो, कम्युनिटी." दोघांपैकी एकानंही विचारलं नाही की बाई, तू उभी का आहेस, बसत का नाहीस. तिला खाली बसलं की उठता येत नव्हतं.

मीटिंग दहाच्या प्रार्थनेनंतर चर्चमध्येच होती. त्या सकाळी मावशीनं टेबल बाहेर ओढलं ते तीन टप्प्यांत, मध्ये-मध्ये कठड्याला धरून. साडेअकराला दार उघडलं आणि उल्हासकाका आत आले. त्यांच्यामागे एकतीस माणसं. सिल्कच्या साड्या, दोन जाकिटं, ब्रॅकनेलहून आलेले आयटीवाले, एक झोपलेलं बाळ आणि शिऱ्याचे दोन मोठे डबे. मीटिंग म्हटली की शिरा हवा.

व्हिकरबाई, म्हणजे चर्चच्या मुख्य धर्मगुरू, समोर उभ्या होत्या. त्या कुणाचंही ऐकताना मान एका बाजूला कलती करतात आणि म्हणतात, "आय हिअर यू." एकतीस जणांना बघून त्यांची मान दोन्ही बाजूंना कलली. "हाऊ लव्हली," त्या म्हणाल्या. "फक्त एक गोष्ट. जे पॅरिशच्या हद्दीत राहत नाहीत, त्यांनी डावीकडच्या बाकांवर बसाल का, प्लीज?"

कुजबुज झाली. हॅरो उठलं. स्टॅनमोर उठलं. ब्रॅकनेल म्हणालं, "आम्ही तर कौन्सिल टॅक्स भरतो!" "ब्रॅकनेलला भरतो आपण," बायको म्हणाली, "चला उठा." एकतीसच्या एकतीस डावीकडे जाऊन बसले. उजवीकडे मराठी उरले दोन, मावशी आणि काका.

आता गप्प बसतील ते उल्हासकाका कसले. ते डावीकडून उभे राहिले. मंडळाच्या सभेत शेवटी हेच होतं: दोन गटांचं जमेना की कुणीतरी उठून तिसऱ्याच अनुभवी माणसाचं नाव घेतं, सगळे टाळ्या वाजवतात आणि झालं बिनविरोध. त्यांना वाटलं, सभा ती सभा.

"मॅडम चेअरपर्सन! मी वॉर्डनपदासाठी श्यामलाताईंचं नाव सुचवतो! एकोणीस वर्षांचा अनुभव! बिनविरोध!"

एकतीस जणांनी टाळ्या वाजवल्या. बाळ जागं झालं.

व्हिकरबाई फार हळू म्हणाल्या, "आय हिअर यू. पण नाव मीटिंगच्या आधी लेखी यावं लागतं. आणि वॉर्डन व्हायला बाप्तिस्मा झालेला असावा लागतो."

उल्हासकाकांनी क्षणभर विचार केला. "तो नंतर करून घेतला तर चालेल का? आमच्याकडे फॉर्म नंतर भरतात."

"उल्हास," अतुलकाका म्हणाले, "खाली बस."

आता सगळं चर्च मावशीकडे बघत होतं. आठवाले, दहावाले, डावीकडचे, उजवीकडचे. बाकाला धरून ती उठली. उठायला वेळ लागला.

"मला वॉर्डन व्हायचं नाही," ती म्हणाली. "मला एक मत आहे. ते मी टाकीन, कुणाला ते सांगणार नाही. पण पुढच्या रविवारपासून मी टेबल हलवणार नाही."

"ओह श्यामला," व्हिकरबाई म्हणाल्या, "इज इट युअर बॅक?"

"पाठ आहेच. पण पाठ बरी झाली तरी नाही." तिचा आवाज चढला नाही. ती शाळेत गृहपाठ सांगावा तशी बोलत होती. "भिंतीला ठेवा, मध्ये ठेवा, वर टांगा. तुमचा देव, तुमचा राजा, तुमचं तुम्ही ठरवा. मी चौदा वर्षं घरं हलवली आणि एकोणीस वर्षं हे. मी दमले. बाकी सगळं करीन. बॉयलर बघीन, किल्ल्या सांभाळीन, कबुतरांची घाण काढीन. टेबल नाही. आणि एवढ्यासाठी मला काढायचं असेल तर आत्ता सांगा. हात वर करून."

कुणाचाही हात वर झाला नाही. उल्हासकाकांचा होत होता, त्यांना बहुतेक बोलायचं होतं. तो शेजारच्या बाईनं खाली ओढला. हम्फ्री स्वतःच्या बुटांकडे बघत होते. गॅरेथ टेबलाकडे बघत होता, पहिल्यांदाच बघितल्यासारखा.

मग चिठ्ठ्या झाल्या. हम्फ्री चार मतांनी आले. मावशीनं कुणाला मत दिलं ते काकांनाही माहीत नाही. त्यांनी तीन दिवस विचारलं आणि सोडून दिलं. शिरा मात्र दोन्ही बाजूंनी संपवला. एका आठवाल्या आजींनी "सेमोलिना? रिअली?" म्हणत तीनदा घेतला.

निवडणुकीनं टेबलाचं काहीच ठरलं नाही. त्याच आठवड्यात चर्चच्या समितीनं तोड काढली: टेबलाला चाकं लावू. चारशे वर्षांच्या टेबलाला चाकं लावायची तर कोर्टाची परवानगी हवी. अर्ज गेला. आक्षेप आले, आठवाल्यांचेही आणि दहावाल्यांचेही. या एका गोष्टीवर चारशे वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

पुढच्या रविवारी मावशी नेहमीच्याच वेळेला गेली. दार उघडलं, हीटिंग लावलं. आठची प्रार्थना संपली, माणसं गेली. ती तिसऱ्या ओळीत, पाठीला उशी लावून बसली. बाजूला अतुलकाका. ते एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिचं काम बघायला आले होते.

कठड्याच्या आत हम्फ्री एका टोकाला आणि गॅरेथ दुसऱ्या.

"वन, टू—"

"थांब, थ्रीला की थ्रीनंतर?"

"गुडघ्यातून वाका," काका बाकावरून म्हणाले. "कमरेतून नाही."

टेबल कठड्याच्या दारातून निघालं. काळ्या बाजूला घासलं. गॅरेथ म्हणाला, "सॉरी." हम्फ्री म्हणाले, "मला नाही, कठड्याला म्हण." पायरीपाशी दोघं थांबले. गॅरेथची दाढी घामानं चिकटली होती. हम्फ्रींनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि श्वास घेतला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस.

"श्यॅमला," ते म्हणाले. या वेळी शेवटचा 'ला' लांबला नाही. "हे तू एकटी करत होतीस?"

"हो."

"दर रविवारी?"

"दोनदा."

हम्फ्री पायरीवर खाली बसले. थोड्या वेळानं गॅरेथही बसला. टेबल अर्धं पायरीवर, अर्धं खाली, तिरकं उभं होतं. पुढे न्यायचं की मागे, यावर त्यांनी वाद घातला नाही. काकांनी थर्मास उघडून मावशीला चहा दिला. ती तो दोन्ही हातांत धरून प्यायली. बाहेर दहाची माणसं येऊ लागली होती. एका मुलाचा आवाज आला, मग गाडीचं दार.

मावशी उठली, या वेळीही सावकाश, आणि दार उघडायला गेली.